रस्ता शहाणा होतो म्हणजे नेमकं काय होतं?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून नवी वाहतूक नियंत्रण यंत्रणा सुरू झाली. रस्त्यावर ठिकठिकाणी आडव्या लोखंडी कमानी उभ्या राहिल्या, त्यांवर कॅमेरे आले, आणि चालकांना एक नवी सवय लागली. कमान दिसली की ब्रेक, कमान मागे पडली की पुन्हा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. असं केलं की दंड वाचतो, असं अनेकांना मनापासून वाटतं. तो वाचेलच असं नाही. का, ते समजून घेतलं तर रस्त्यावरच्या 'स्मार्ट' यंत्रणांचा बराचसा गाभा हाती येतो.

जुन्या पद्धतीत पोलिस एका जागी उभे राहून येणाऱ्या गाडीवर स्पीडगन रोखत. त्यातून कळायचा तो त्या एका क्षणाचा वेग. पुढच्या वळणामागे गाडी किती पळाली, हे कळायला मार्ग नव्हता. नव्या कमानी वापरतात ती सरासरी वेगाची पद्धत या जागच्या जागी मोजण्यावर अवलंबून नाही. पहिल्या कमानीखालून गाडी गेली की नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि त्यावर वेळ नोंदली जाते. काही किलोमीटर पुढच्या कमानीखाली तीच नंबरप्लेट पुन्हा टिपली जाते. दोन वेळांची वजाबाकी केली की झालं. दोन कमानींमध्ये १० किलोमीटर अंतर असेल आणि मर्यादा ताशी १०० असेल, तर गाडीला तिथं पोहोचायला किमान सहा मिनिटं लागायला हवीत. ती पाच मिनिटांत पोहोचली, तर सरासरी वेग १२० झाला. कमानीखाली तुम्ही ८० ने गेलात की ६० ने, याला काही अर्थ उरत नाही.

'शंभरऐवजी एकशेवीस, वीसचाच तर फरक' असं म्हणणारे भेटतातच. त्यांच्यासाठी थोडं गणित मांडतो.

समोर अचानक अडथळा दिसला की मेंदूला तो कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी १०० वेगाने त्या दीड सेकंदात गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते, तीही ब्रेक न लागता. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असलेली कार त्यानंतर आणखी ५५ मीटरमध्ये थांबते. म्हणजे एकूण सुमारे ९७ मीटर. आता हीच कार १२० ने येतेय असं धरा. जिथं पहिली कार थांबून उभी राहिली, तिथं ही दुसरी अजून ताशी सुमारे ७५ किलोमीटर वेगाने धावत असते. ब्रेक पूर्ण दाबलेले असतानाही. अडथळा ९७ मीटरवर असेल, तर पहिल्या कारमधल्या कुटुंबाला दचकण्यापलीकडे काही होत नाही आणि दुसऱ्या कारमधलं कुटुंब ७५ च्या वेगाने आदळतं. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून वेग वीस टक्क्यांनी वाढला की ती चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते. आणि बदल्यात मिळतं काय? द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. घाट आणि गर्दी विसरून हा पूर्ण रस्ता १०० ऐवजी १२० ने कापला, तरी जेमतेम साडेनऊ मिनिटं वाचतात.

२०२३ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसं गेली. एकट्या महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा हजारांच्या आसपास जातात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या नोंदीपुढे कारण लिहिलंय ते अतिवेग. पोलिसांच्या नोंदीत 'अतिवेग' हा रकाना भरायला सोपा असतो, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये असं माझं मत आहे. पण वेगामुळे साध्या चुकीचं रूपांतर मृत्यूत होतं, हे वरच्या गणितावरून स्पष्ट आहे.

आता कॅमेऱ्यामागे काय चालतं ते पाहू. नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा रात्रीही वाचतो, कारण तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो आणि प्लेटवरचा परावर्तक थर तो प्रकाश परत पाठवतो. संगणक आधी चित्रात प्लेट कुठं आहे ते शोधतो, मग एकेक अक्षर सुटं करून ओळखतो. 'दादा' किंवा 'बाबा' असं दिसावं म्हणून आकडे वाकवून लिहिलेल्या प्लेटी यंत्राला वाचता येत नाहीत, आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेटचा आग्रह धरण्यामागचं हे एक व्यवहारी कारण आहे. द्रुतगती मार्गावरची यंत्रणा वेगाशिवाय लेन कापणं, सीटबेल्ट न लावणं, गाडी चालवताना मोबाइलवर बोलणं असे एकूण १७ प्रकारचे नियमभंग टिपण्यासाठी उभारली आहे.

यंत्राने चलन फाडावं हे कायद्याला मान्य आहे, पण अटी घालून. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक देखरेखीचं कलम आलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचे तपशीलवार नियम आले. त्यानुसार यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, पुढे कॅमेरा आहे असा फलक आधी लावावा लागतो, आणि नियमभंगाची सूचना पंधरा दिवसांत वाहनमालकापर्यंत जावी लागते. या सूचनेत फोटो, जागा आणि वेळ असते. चलन चुकीचं वाटलं तर तक्रार करता येते, आणि ती करावी. दुसऱ्याच्याच गाडीचा दंड आपल्या नावावर आला तर लोकांचा सगळ्या यंत्रणेवरचा विश्वास उडतो, आणि मग दंड थकवणाऱ्यांना आयतं निमित्त मिळतं.

पण दंड हा या सगळ्याचा सर्वात छोटा भाग आहे. यंत्रणेचा खरा उपयोग गोष्टी वेळेत कळण्यात आहे, आणि ते पाहायचं तर बोरघाटात उतरायला हवं.

खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता साधारण ५०० मीटर खाली येतो. मालासकट ४० टनांचा ट्रक जेव्हा हा उतार उतरतो, तेव्हा त्याच्या वजनातली सुमारे ५४ युनिट ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. छोट्या घराला पंधरा दिवस पुरेल एवढी ही वीज, आणि ती सगळी पाव-अर्ध्या तासात उष्णता बनून बाहेर पडायची असते. गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) त्यातला मोठा वाटा उचलतात. चालकाने गाडी न्यूट्रल केली, तर सगळा भार चाकातल्या ड्रमवर घासणाऱ्या ब्रेक लायनरवर येतो. लायनर तापतात, ड्रम तापून फुगतो, घर्षण कमी होतं. चालक पुन्हा पुन्हा ब्रेक मारतो तशी, ज्या हवेच्या दाबावर ट्रकचे ब्रेक चालतात ती टाकीतली हवाही उतरत जाते. शेवटी पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'ब्रेक निकामी झाल्याने ट्रकची सात वाहनांना धडक'. बहुतेक वेळा ब्रेक आधीपासून बिघडलेले नसतात. वरून निघतानाच ज्या पद्धतीने गाडी उतरवायला घेतली, त्यात ते निकामी होणं ठरलेलं असतं.

डिझेल वाचावं म्हणून गाडी न्यूट्रल करतात. इथं एक गोष्ट ट्रक चालवणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचायला हवी. आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की संगणक इंधन पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू राहायला डिझेल लागतंच. म्हणजे जे वाचवण्यासाठी जीव धोक्यात घातला जातो, ते वाचतच नाही.

यात तंत्रज्ञान काय करू शकतं? घाटात जड वाहनांची वेगमर्यादा कारपेक्षा कमी असते. उताराच्या सुरुवातीच्या टप्प्यात ट्रक सरासरीपेक्षा भरधाव उतरतोय हे दोन कमानींमधल्या वेळेवरून लगेच कळतं, आणि ते दोन-तीन वळणं आधी कळलं तर पुढच्या फलकावर इशारा देता येतो, गस्तीच्या गाडीला सांगता येतं. टोलनाक्यावर चालत्या गाडीचं वजन करणारे काटे रस्त्यातच बसवता येतात. चाकांचा दाब मोजून ते प्रत्येक अ‍ॅक्सलवरचा भार सांगतात. जादा माल भरलेला ट्रक घाटाच्या तोंडाशीच रोखला, तर खाली खोपोलीत त्याची बातमी होत नाही. कॅमेरा हे सगळं दाखवू शकतो. रोखायला मात्र नाक्यावर माणूस लागतो, गाडी उभी करायला जागा लागते आणि उतरवलेल्या मालाची सोय लागते. आपल्याकडे अडतं ते बहुतेक वेळा इथं.

थांबलेल्या गाडीची गोष्टही अशीच आहे. रात्री टायर फुटलेला ट्रक कडेला उभा असतो, मागचे दिवे बंद, परावर्तक पट्टी धुळीने झाकलेली. कारच्या डिप्परचा उजेड साधारण ५०-६० मीटर पोहोचतो. शंभरच्या वेगाने थांबायला ९७ मीटर लागतात हे आपण पाहिलं. म्हणजे ट्रक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, चालक कितीही जागा असला तरी. अशा ठिकाणी चित्र पाहणारा संगणक फार मोलाचा. रस्त्यावरची एखादी आकृती ठराविक सेकंदांहून जास्त काळ हलली नाही की तो नियंत्रण कक्षाला खूण करतो. तिथून क्रेन निघते, मागच्या फलकांवर 'पुढे वाहन बंद, डावी लेन टाळा' असं उमटतं. अपघात झाल्यावरही हेच महत्त्वाचं, कारण पहिल्या अपघातामुळे थांबलेल्या रांगेवर मागून येणारी गाडी आदळते आणि अनेकदा ही दुसरी धडक पहिलीपेक्षा भयंकर असते.

द्रुतगती मार्गाच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नये. या रस्त्यावर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली होती. त्याच वर्षी रस्ता सुरक्षेसाठी काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिस यांनी मिळून 'शून्य मृत्यू' उपक्रम हाती घेतला आणि पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. आजच्या कॅमेऱ्यांच्या कमानी तेव्हा नव्हत्या. तेव्हा झालं ते असं की प्रत्येक जीवघेण्या अपघाताची जागेवर जाऊन चिरफाड केली गेली. गाडी कशावर आदळली? पुलाच्या उघड्या खांबावर, कडेच्या कातळावर, कठड्याच्या टोकदार सुरुवातीवर. मग त्या जागा झाकल्या, कठडे लावले, खुणा रंगवल्या, कडेला उभे ट्रक हटवले, रुग्णवाहिका आणि पोलिस यांची सांगड घातली. माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, हे तत्त्व स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत धोरण म्हणून स्वीकारलं. ते डोळ्यांपुढे ठेवलं की कॅमेऱ्याकडूनही काय मागायचं ते कळतं. कोण चुकलं हे तो सांगेलच. चूक कुठं वारंवार होते, हेही त्याने सांगायला हवं.

वारंवार होणाऱ्या चुकांच्या बाबतीत नागपूरने एक फार चांगला प्रयोग केला आहे. आपल्या सरकारी व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा 'ब्लॅकस्पॉट' ठरायला तीन वर्षांत तिथं पाच गंभीर अपघात व्हावे लागतात, किंवा दहा माणसं मरावी लागतात. म्हणजे रस्ता धोकादायक आहे हे सिद्ध करायला आधी माणसांनी जीव द्यायचा. मला ही व्याख्या नेहमीच अस्वस्थ करते.

नागपुरात सप्टेंबर २०२१ मध्ये 'आय-रास्ते' प्रकल्प सुरू झाला. महापालिका, संगणकाच्या चिप बनवणारी इंटेल कंपनी, हैदराबादची ट्रिपल आयटी ही तंत्रशिक्षण संस्था आणि केंद्राची रस्ते संशोधन संस्था त्यात एकत्र आल्या. शहरातल्या 'आपली बस' गाड्यांच्या समोरच्या काचेवर आतून एक छोटा कॅमेरा बसवला. तो समोरच्या वाहनाचं अंतर, लेनच्या रेषा, रस्ता ओलांडणारा माणूस हे सतत पाहत असतो. बस समोरच्या गाडीच्या फार जवळ गेली, किंवा याच वेगाने गेली तर धडक होईल असं दिसलं, की चालकाला आवाजाने इशारा मिळतो. धडक टळते, आणि एरवी ती गोष्ट तिथंच विसरली जाते. इथं मात्र प्रत्येक इशाऱ्याची जागा आणि वेळ साठवली जाते.

महिनोन्‌महिने शहरभर फिरणाऱ्या बसगाड्यांचे इशारे नकाशावर मांडले, की काही ठिकाणी त्यांची गर्दी दिसते. त्या जागी अजून कुणी मेलेलं नसतं. पण एखाद्या चौकाआधी रोज बसचालकांना जोरात ब्रेक मारावा लागतोय, एखाद्या शाळेच्या फाटकापाशी माणसं सारखी बससमोर येताहेत, हे कळतं. अशा जागांना तिथं 'ग्रे स्पॉट' म्हणतात. मग अभियंता जाऊन पाहतो. कधी झाडाच्या फांदीमागे फलक लपलेला असतो, कधी दुभाजकातली फट चुकीच्या जागी असते, कधी बसथांबा वळणाच्या इतका जवळ असतो की उतरणाऱ्यांना रस्ता ओलांडल्याशिवाय गत्यंतर नसतं. यांतली बरीच दुरुस्ती काही हजार रुपयांची असते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर मोठमोठी भाषणं ऐकू येतात. मला तिचा इतका पोटातून पटलेला दुसरा उपयोग माहीत नाही.

बस पुढच्या गाडीच्या 'फार जवळ' आहे हे यंत्र कसं ठरवतं, ते तुम्हालाही वापरता येईल. ते अंतर मीटरमध्ये मोजण्याऐवजी सेकंदांत मोजलं जातं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा. तुम्ही त्या खांबाशी दोन सेकंदांच्या आत पोहोचलात, तर अंतर कमी आहे. शंभरच्या वेगाला हे ५५ मीटर होतात. पावसात ते दुप्पट धरावं.

अपघात झाल्यावर नोंदवण्याची पद्धतही बदलली आहे. पूर्वी पंचनाम्यात 'अमुक गावाच्या हद्दीत, ढाब्याजवळ' असं लिहिलेलं असायचं. त्यावरून पाच वर्षांनी ती जागा शोधणं अशक्य. आता आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय सूचना केंद्राने घडवलेल्या 'आय-रॅड' प्रणालीत पोलिस जागेवरूनच मोबाइलवर अक्षांश-रेखांश, फोटो आणि तपशील भरतात. ती सुरुवातीला ज्या सहा राज्यांत आली त्यांत महाराष्ट्र होता. तीच नोंद परिवहन विभाग, रस्त्याचे अभियंते आणि रुग्णालय यांच्यापर्यंत जाते आणि प्रत्येकाने आपापला भाग भरायचा असतो. भरलेली माहिती खरी असेल तर या प्रणालीतून रस्ते बदलतील. ठाण्यात बसून अंदाजाने भरली, तर संगणकातही जुनाच पंचनामा राहील.

शहरात प्रश्न वेगळा. तिथं मुद्दा वेगाचा कमी, वेळ जातो तो चौकात.

साध्या सिग्नलला वेळापत्रक दिलेलं असतं. या बाजूला ४५ सेकंद, त्या बाजूला ३०, रिकामा असो की भरलेला. हिरवा दिवा लागल्यावर पहिली गाडी हलायलाच दोन-तीन सेकंद जातात, आणि पुढे एका लेनमधून साधारण दर दोन सेकंदांना एक कार सुटते. म्हणजे ३० सेकंदांत चौदा-पंधरा. आडव्या रस्त्यावर तीनच गाड्या असतील तर वीसेक सेकंद वाया जातात आणि मुख्य रस्त्यावरची रांग मागच्या चौकापर्यंत जाते. ती मागच्या चौकात शिरली की तिथला हिरवा दिवाही निकामी होतो, कारण पुढे जायला जागाच नसते. एका चौकातली कोंडी अशी अर्ध्या शहरात पसरते.

परिस्थितीनुसार बदलणारा सिग्नल आधी रांग मोजतो. त्यासाठी डांबराखाली तारेचं वेटोळं असतं, ज्यावरून धातूची गाडी गेली की त्यातला विद्युतप्रवाह बदलतो. किंवा खांबावर कॅमेरा अथवा रडार असतं. मग संगणक तीन गोष्टी ठरवतो: सगळ्या बाजूंना मिळून एक फेरा किती सेकंदांचा, त्यात कुणाचा वाटा किती, आणि पुढच्या चौकातला हिरवा या चौकानंतर किती सेकंदांनी लागावा. तिसरी गोष्ट जमली की एकदा सुटलेली गाड्यांची तुकडी पुढचे तीन-चार चौक न थांबता पार करते. मुंबईत अशी यंत्रणा बरीच वर्षं आहे, पुण्यातही शंभराहून अधिक चौकांत ती बसवली गेली.

पण या यंत्रणा मुळात घडल्या त्या सिडनीसारख्या शहरांत, जिथं गाड्या लेनमध्ये चालतात. आपल्याकडे सिग्नलला पुढच्या फटीत पंचवीस दुचाक्या येऊन उभ्या राहतात, दोन लेनच्या जागी साडेतीन रांगा होतात, डांबराखालचं वेटोळं रस्ता खोदताना तुटतं. म्हणून आपल्या शहरांना चित्रावरून मोजणारी यंत्रणा जास्त मानवते, आणि तिलाही आपल्याच रस्त्यांवरच्या चित्रांवर शिकवावं लागतं. माझी खरी तक्रार वेगळीच आहे. यंत्र गाड्या मोजतं, पायी चालणारी माणसं मोजत नाही. देशातल्या रस्त्यांवर मरणाऱ्यांत २०२२ मध्ये जवळजवळ पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा होता आणि दुचाकीवरच्यांचा ४४ टक्क्यांहून जास्त. ज्या सिग्नलला काठी टेकत चालणाऱ्या आजीचा वेळ कळत नाही, त्याला शहाणा म्हणायला माझी तयारी नाही. आणि हे तंत्र अवघड नाही. तोच कॅमेरा झेब्रा पट्ट्यांवरचं माणूसही ओळखू शकतो. त्याला ते काम सांगितलेलं नसतं, एवढंच.

फास्टॅगबद्दल थोडक्यात, कारण तो आता सगळ्यांच्या काचेवर आहे. फेब्रुवारी २०२१ पासून तो राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीचा झाला. त्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते. टोलनाक्यावरचा वाचक रेडिओलहरी सोडतो, त्या लहरींतूनच चिपला क्षणभर पुरेल एवढी शक्ती मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठवते. बाकी सगळा हिशेब बँकांमध्ये होतो. स्टिकर काचेच्या धातुमिश्रित थरामागे लावला की तो नीट वाचला जात नाही, ते याच कारणाने. रांगेत इंजिन सुरू ठेवून उभं राहणं कमी झालं ही त्याची मोठी कमाई.

गाडीच्या आतही बरंच काही घडलंय. जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारमध्ये ८० ओलांडले की टिकटिक ऐकू येते आणि १२० ला ती थांबतच नाही. काही जण ती बंद करून घेतात. कृपा करून घेऊ नका. दुचाकीला एबीएस असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होत नाही, कारण यंत्र सेकंदाला अनेकदा ब्रेक सोडून पुन्हा पकडतं. ओल्या रस्त्यावर घसरून पडणं आणि सरळ उभ्याने थांबणं यात तेवढाच फरक असतो. स्वयंचलित ब्रेक लावणाऱ्या कार आता आपल्याकडेही मिळतात. महामार्गावर ते वरदान आहे. शहरात मात्र प्रत्येक रिक्षा बाजूने घुसली की यंत्र दचकतं, आणि मागच्याला अंदाज नसेल तर तो येऊन धडकतो. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळसोट रस्त्यावर तर प्रश्न झोपेचा असतो. पापण्यांची उघडझाप आणि स्टिअरिंगची हालचाल पाहून पेंग ओळखणारे कॅमेरे तिथं जीव वाचवू शकतात, पण रात्रीच्या खासगी बसच्या चालकाला सलग किती तास बसवायचं हे मालक ठरवतो. इशारा वाजला तरी तो गाडी थांबवू शकेल अशी जागा आणि मुभा हवी.

इतकी नजर ठेवायची म्हणजे त्यातली माहिती कुणाकडे साठते हा प्रश्न आलाच. कोणती गाडी कधी कुठून गेली याची नोंद म्हणजे त्या माणसाच्या आयुष्याची नोंद. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. नियमभंग नसलेल्या गाड्यांची नोंद ठराविक काळाने पुसली जाते की नाही, हे नागरिकांनी विचारलं पाहिजे. देखभालीचंही तसंच. यंत्रणेचं उद्घाटन थाटात होतं, पण काचेवरची धूळ पुसायला, पावसाळ्यात तुटलेली केबल जोडायला पुढच्या दहा वर्षांचे पैसे आधीच बाजूला काढावे लागतात. निविदा वाचताना मी तरी आधी हाच रकाना पाहीन.

आणि सगळं करूनही अपघात झालाच, तर घड्याळ सुरू होतं. गंभीर इजेनंतरचा पहिला तास कायद्यातही 'गोल्डन अवर' म्हणून नोंदलेला आहे. युरोपात मार्च २०१८ नंतर मंजुरी मिळालेल्या नव्या मॉडेलच्या कारमध्ये अशी सोय सक्तीची आहे की एअरबॅग उघडली की गाडी स्वतःच ११२ ला फोन लावते आणि आपली जागा कळवते, आतलं कुणी शुद्धीवर नसलं तरी. आपल्याकडे हे काम अजून बहुतेक वेळा रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाच करावं लागतं. ११२ कुठूनही लागतो, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. फोन करताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि आपण कोणत्या बाजूच्या रस्त्यावर आहोत, पुण्याकडे की मुंबईकडे, हे सांगा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर चुकीच्या बाजूला आलेल्या रुग्णवाहिकेला वळून यायला पंधरा-वीस मिनिटं लागू शकतात. जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये लिहिलेलं आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना लागू आहे. त्यामुळे दाखल करताना पैशांवरून अडवणूक झाली, तर या योजनेचं नाव घेऊनच बोला.